बर्फ पडताना वीज कडाडते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीची वेळ असते, बाहेर जोराचा बर्फ पडत असतो आणि सगळीकडे ती बर्फाची खास शांतता असते. ध्यानीमनी नसताना खिडकी दुधी प्रकाशानं भरून जाते. चार-पाच सेकंदांनी जड, दबका दणका ऐकू येतो आणि पुन्हा सगळं शांत होतं. पहिल्यांदा हे अनुभवलं तेव्हा शेजारी कुणाच्या तरी छतावरचा बर्फ कोसळला असावा, असंच मला वाटलं होतं. दुसऱ्यांदा उजेड पडला तेव्हा कळलं की ही वीज आहे. त्यानंतर या विषयावर जे वाचलं, शिकले आणि लोकांनी जे पुन्हा पुन्हा विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. घाईत असाल तर बाकी सगळं सोडून सुरक्षिततेचे प्रश्न आधी वाचा.

बर्फ पडत असताना खरंच वीज चमकते का? की तो भास असतो?

खरंच चमकते. पावसाळी ढगात जी वीज असते तीच इथेही असते, फक्त ढगातून खाली येतं ते पाण्याऐवजी बर्फ. विमानतळांवरून दर तासाला हवामानाची जी सांकेतिक नोंद पाठवतात, तिच्यात या प्रकाराला ‘टीएसएसएन’ असा स्वतंत्र संकेत आहे. गडगडाटी वादळ आणि बर्फ या दोन संकेतांना जोडून तो बनतो. हवामान निरीक्षकांना तो आयुष्यात फार थोड्या वेळा लिहायला मिळतो, पण तो अस्तित्वात आहे हे महत्त्वाचं.

याला म्हणतात काय?

जगभर रूढ झालेला शब्द ‘थंडरस्नो’. मराठीत ‘गडगडाटी हिमवर्षाव’ म्हटलं तर अर्थ नेमका पोचतो. या पानावर दोन्ही शब्द येतील.

वीज म्हणजे उकाड्याची, वळवाची गोष्ट. इतक्या थंडीत ती तयार कशी होते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. वीज तयार व्हायला बर्फच लागतो. भर उन्हाळ्यातल्या ढगातही वीज जन्मते ती ढगाच्या वरच्या, गोठलेल्या भागात. जमिनीवर आपण घामाघूम झालेलो असतो तेव्हा पाच-सहा किलोमीटर उंचीवर तापमान शून्याच्या खाली असतं. तेव्हा ‘थंडीत वीज कशी?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की, वीज ज्या ठिकाणी तयार होते तिथे कायमच थंडी असते.

तिथे नेमकं घडतं ते असं. शून्याखालच्या तापमानातही ढगातले बारीक थेंब लगेच गोठत नाहीत. ते द्रवरूपातच राहतात. याला अतिशीत पाणी म्हणतात. असे थेंब एखाद्या बर्फकणाला धडकले की त्याच्यावर चिकटून तत्क्षणी गोठतात. थर चढत जातो आणि साबुदाण्याएवढी, मऊ, पांढरी, अपारदर्शक गोळी तयार होते. हिला ग्रॉपेल म्हणतात. आता ढगात दोन प्रकारचे कण झाले. एकीकडे जड ग्रॉपेल, दुसरीकडे हलके बर्फस्फटिक. वर जाणाऱ्या हवेच्या झोतात ते एकमेकांवर आपटतात आणि त्या घासाघाशीत विद्युतभाराची देवाणघेवाण होते. साधारण उणे १० ते उणे २० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात ही क्रिया सगळ्यात जोमात चालते. थंड भागात सहसा ग्रॉपेल ऋणभारित होतं आणि स्फटिक धनभारित. झोत हलक्या स्फटिकांना वर नेतो, ग्रॉपेल खाली राहतं, आणि ढगाचे वरचा व खालचा असे दोन भारित भाग पडतात. हा ताण हवेला पेलेनासा झाला की वीज पडते.

थोडक्यात, तीन गोष्टी एका जागी यायला हव्यात : अतिशीत पाणी, ग्रॉपेल आणि त्यांना झुलवत ठेवेल इतका जोरकस वरचा झोत.

मग प्रत्येक हिमवादळात वीज का नसते?

कारण नेहमीच्या बर्फाच्या ढगात तिसरी गोष्ट नसते. असा ढग आडवा, पसरट आणि संथ असतो. त्यातली हवा सेकंदाला काही सेंटिमीटर एवढ्या वेगानं वर सरकते. गडगडाटी ढगात हाच वेग सेकंदाला कित्येक मीटर असतो. संथ ढगात ग्रॉपेल फारसं तयारच होत नाही, स्फटिक शांतपणे वाढतात, एकमेकांत अडकतात आणि पाकळ्या होऊन खाली येतात.

दुसरी अडचण ढगाच्या उंचीची. उन्हाळी गडगडाटी ढग १२ किलोमीटर किंवा त्याहूनही वर चढतो. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, तिला वर उठायचं कारणच नसतं. त्यामुळे ढग उथळ राहतात. भार विलग व्हायला जागा पुरत नाही. हवा फारच गार असेल तर ढगात द्रवरूप पाणीही उरत नाही. म्हणूनच कडाक्याच्या, हाडं गोठवणाऱ्या थंडीत थंडरस्नो सहसा होत नाही. तो होतो तापमान शून्याच्या आसपास असताना, ओला, जड बर्फ पडत असताना.

किती दुर्मीळ आहे हा प्रकार?

अमेरिकेतल्या जुन्या निरीक्षणांवर आधारलेला एक आकडा सतत सांगितला जातो : बर्फ पडत असल्याच्या नोंदींपैकी जेमतेम ०.०७ टक्के नोंदींत गडगडाट होता. दुसऱ्या एका अभ्यासात १९६१ ते १९९० या ३० वर्षांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा त्या देशात १९१ घटना सापडल्या. वर्षाला सहाच्या थोडं वर.

हे आकडे वाचताना एक भान ठेवायला हवं. ते माणसांनी केंद्रावर बसून केलेल्या निरीक्षणांचे आहेत. पुढे सांगितलंय त्याप्रमाणे हा गडगडाट फार लांब ऐकू जात नाही. दोन केंद्रांमधल्या मोकळ्या माळावर वीज कडाडली तर नोंद करणार कोण? म्हणून प्रत्यक्षातल्या घटना नोंदींपेक्षा जास्त असणार, हे मला पटतं.

जगात हे कुठे कुठे दिसतं?

गार हवा आणि उबदार पाणी जिथे भेटतात तिथे शक्यता सगळ्यात जास्त. उत्तर अमेरिकेतली पंचसरोवरं हे ठळक उदाहरण. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवरांचं पाणी अजून कोमट असतं आणि उत्तरेकडून बर्फगार वारा त्यावरून वाहू लागतो. तळाची हवा तापते, ओलावा घेते आणि भराभर वर चढते. मग सरोवराच्या लांबीला समांतर असा ढगांचा एकच अरुंद पट्टा तयार होतो. हा पट्टा ज्याच्या डोक्यावर अडकून बसला त्याची खैर नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ईरी सरोवराच्या काठच्या ऑर्चर्ड पार्क भागात चार दिवसांत सुमारे २०० सेंटिमीटर बर्फ पडला आणि त्या वादळात विजाही चमकल्या. तिथून थोड्याच अंतरावर असलेल्या गावांत तेव्हा ऊन होतं! ऑन्टॅरिओ सरोवराच्या पूर्वेचं टग हिल पठारही याच कारणासाठी प्रसिद्ध आहे.

दुसरी जागा म्हणजे मोठ्या हिवाळी चक्रवातांचा बर्फाळ भाग. चक्रवाताच्या केंद्राच्या उत्तर-पश्चिमेला, स्वल्पविरामाच्या डोक्यासारखा दिसणारा ढगांचा जो फेटा असतो, तिथे उबदार दमट हवा गार हवेच्या थरावरून तिरकी वर चढते. जमिनीवर उभ्या माणसाला गार, स्थिर हवाच जाणवते. उलथापालथ चालू असते ती दोन-तीन किलोमीटर वर. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आलेल्या महावादळात अनेक ठिकाणी बर्फासोबत गडगडाट झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये शिकागोवर जे हिमवादळ आलं त्यात ५० सेंटिमीटरहून जास्त बर्फ पडला आणि शहरात विजाही दिसल्या.

डोंगरही हे काम करतात. दमट वारा उतारावर आपटला की हवा जबरदस्तीनं वर ढकलली जाते. हिमालयात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळं, येतात तेव्हा उंचावरच्या भागात बर्फासोबत गडगडाट होऊ शकतो. ब्रिटनमध्ये सहसा थंड आघाडीसोबत (पुढे सरकणाऱ्या गार हवेच्या कडेसोबत) किंवा समुद्रावरून येणाऱ्या सरींत हा प्रकार होतो.

या यादीत एक देश मात्र वेगळा काढून सांगावा असा आहे.

जपानचं नाव सारखं का घेतलं जातं?

कारण तिथे ही दुर्मीळ गोष्ट नाही, तो ऋतूच आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडा, बर्फगार वारा निघतो आणि जपानच्या समुद्रावरून येतो. त्या समुद्रातून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह वाहतो. वारा वाटेत ऊब आणि ओलावा भरून घेतो आणि होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, होकुरिकु भागात, येऊन थडकतो. कानाझावा शहरात वर्षाकाठी सरासरी ४२ दिवस गडगडाट होतो. जपानमधल्या प्रमुख शहरांत हा आकडा सगळ्यात मोठा, आणि त्यातले बरेचसे दिवस नोव्हेंबर ते जानेवारीतले असतात. उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त विजा, असा उलटा हिशेब!

तिथल्या लोकांनी याला फार सुंदर नावं दिली आहेत. एक नाव ‘युकी-ओकोशी’, म्हणजे बर्फाला जागं करणारा. हा गडगडाट झाला की मोठी बर्फवृष्टी येणार, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा ठोकताळा. दुसरं नाव ‘बुरी-ओकोशी’. बुरी हा एक मासा. थंडीतला पहिला गडगडाट म्हणजे बुरीचा हंगाम आला अशी कोळ्यांची खूण. वीज, बर्फ आणि मासे यांचा संबंध त्यांनी उपकरणांच्या कितीतरी आधी जोडला, आणि बर्फापुरता तरी आजचं विज्ञान त्यांच्याच बाजूनं बोलतं.

या किनाऱ्यावरच्या अभ्यासातून एक उपयोगी निकषही मिळाला. उणे १० अंशांची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटरच्या वर असेल तर ढगात विजा जोमानं होतात. ती फार खाली उतरली तर ढग मुकेच राहतात. थंडी जास्त तर वीज कमी, हे आधी सांगितलं ते इथे मोजून दिसतं.

याच भागात ६ फेब्रुवारी २०१७ रोजी काशिवाझाकीच्या किनाऱ्यावर हिवाळी वीज कडाडली आणि तिथे लावलेल्या उपकरणांनी गॅमा किरणांचा झोत पकडला. क्योतो विद्यापीठातल्या तेरुआकी एनोतो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला : विजेमुळे हवेतल्या नायट्रोजनच्या अणुकेंद्रातून न्यूट्रॉन बाहेर फेकले गेले होते. उरलेलं अस्थिर नायट्रोजन विघटित होताना पॉझिट्रॉन, म्हणजे प्रतिद्रव्य, तयार झालं आणि त्याची खूण सुमारे मिनिटभर दिसत राहिली. बर्फाळ ढगातली वीज अणुकेंद्रं फोडते! हे वाचल्यापासून तो दबका दणका ऐकला की माझ्या अंगावर वेगळाच काटा येतो.

ही वीज दिसते कशी?

आकाशात फांद्या फुटलेली लखलखती रेघ शोधत बसाल तर निराश व्हाल. ती सहसा दिसतच नाही. दाट बर्फात दृष्टी काहीशे मीटरपलीकडे जात नाही आणि प्रत्येक पाकळी प्रकाश विखुरते. त्यामुळे दिसतो तो उजेड. दिशाहीन, सगळीकडून एकदम आलेला. वरचा ढग आणि खालची पांढरी जमीन यांच्यामध्ये प्रकाश परतत राहतो, म्हणून रात्री काही क्षण पहाट झाल्यासारखं वाटतं. कधी त्यात निळसर किंवा जांभळट झाक असते. दिवसा मात्र पांढऱ्यावर पांढरं मिसळून जातं आणि उजेड लक्षातही येत नाही. दिवसाचा थंडरस्नो बहुतेकांना फक्त ऐकू येतो.

चमकही मोजक्याच. पावसाळ्यासारखी सतत लखलख नसते. तासाभराच्या जोरदार बर्फात दोन-चार वेळा उजेड पडला तरी पुष्कळ.

गडगडाट इतका दबका का वाटतो?

ताजा बर्फ आवाज पिऊन टाकतो. पाकळ्यांमध्ये आणि जमिनीवरच्या थरामध्ये हवेच्या असंख्य पोकळ्या असतात, ध्वनिलहरी त्यांत शिरतात आणि विरतात. बर्फ पडल्यावर गाव इतकं शांत का होतं, त्याचंही कारण हेच. पावसाळी वादळाचा गडगडाट १५ किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतो. बर्फात तो साधारण ३ ते ५ किलोमीटरच्या पलीकडे पोचत नाही. प्रतिध्वनीही विरतात, म्हणून लांबत जाणारी घरघर कमी आणि एकच ‘धप्प’ जास्त.

पण काही जण तर म्हणतात की स्फोटासारखा आवाज होतो.

दोन्ही खरं आहे, फरक अंतराचा. हिवाळी ढग जमिनीच्या खूप जवळ असतात, वीज डोक्यावरच असते. ती अगदी जवळ पडली तर मध्ये आवाज शोषणारा बर्फ फार नसतो. ४ डिसेंबर २०२० च्या पहाटे स्कॉटलंडमधल्या एडिनबरात असाच दणका झाला. लोक झोपेतून दचकून उठले, स्फोट झाला असं समजून अनेकांनी पोलिसांना फोन केले. शेवटी तो गडगडाटी हिमवर्षाव असल्याचं सांगावं लागलं. झोपेत बर्फाशी विजेचा संबंध कोण जोडणार? त्या लोकांचं मुळीच चुकलं नाही.

वीज किती लांब पडली हे मोजता येतं का?

नेहमीसारखंच. उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा, आलं उत्तर किलोमीटरमध्ये. शून्य अंशाला आवाज सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो, थंडीत थोडा हळू, पण या हिशेबात त्यानं फरक पडत नाही. १२ सेकंद म्हणजे ४ किलोमीटर. फक्त हे विसरू नका की, पावसाळ्यात तुम्ही कधी कधी ३० सेकंदांपर्यंत मोजत बसता, तसं इथे होणार नाही. एवढ्या लांबचा आवाज पोचतच नाही.

ती वीजच होती हे कशावरून? ट्रान्सफॉर्मर उडाला असेल तर?

रास्त शंका आहे. ओल्या बर्फाच्या भारानं तारा तुटतात, एकमेकांना लागतात, आणि मग आकाशात निळा-हिरवा उजेड पडतो. ओळखायच्या खुणा अशा : विद्युतवाहिनीचा उजेड क्षितिजालगत, एकाच दिशेला असतो, थरथरत एक-दोन सेकंद किंवा जास्त टिकतो, रंग बदलतो आणि त्यासोबत गुणगुण किंवा कडकड ऐकू येते. बऱ्याचदा लगेच दिवे जातात. विजेचा उजेड आभाळभर असतो, पांढरट असतो आणि डोळ्याचं पातं लवण्याआधी संपतो.

उजेड न दिसता नुसता दणका आला आणि आभाळ निरभ्र असेल, तर तो हिमकंप असू शकतो. जमिनीतलं पाणी तापमान झपाट्यानं उतरल्यावर गोठतं, प्रसरण पावतं आणि जमीन तडकते. जानेवारी २०१४ मध्ये टोरांटो परिसरातल्या लोकांनी असे आवाज ऐकले होते. हिमकंप कडाक्याच्या, कोरड्या रात्री होतो; थंडरस्नो शून्याजवळच्या, जोरदार बर्फाच्या वेळी. दोन्हींत गल्लत व्हायचं खरं तर कारण नाही.

वीज चमकली म्हणजे आता जास्त बर्फ पडणार का?

बहुधा हो, आणि हे नुसतं लोकांचं म्हणणं नाही. मिझुरी विद्यापीठातले पॅट्रिक मार्केट यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलं. त्यांच्या अभ्यासानुसार हिमवादळात वीज दिसली, तर त्या विजेपासून सुमारे ११० किलोमीटरच्या आत कुठेतरी निदान १५ सेंटिमीटर बर्फ पडण्याची शक्यता ८६ टक्के असते. ‘कुठेतरी’ हा शब्द नीट वाचा. तुमच्याच दारात पडेल असा त्याचा अर्थ नाही. पण जो झोत वीज तयार करतो तोच ढगातून झपाट्यानं बर्फ पाडतो, म्हणून वीज चमकते तेव्हा तासाला ५ ते १० सेंटिमीटर वेगानं बर्फ साचणं काही विशेष नाही.

त्यामुळे गडगडाट ऐकू आला की माझा पहिला सल्ला हाच : कुठे निघायचा बेत असेल तर थांबा. पुढचा अर्धा-एक तास रस्त्यावर हाताचा पंजा दिसणार नाही इतका बर्फ पडू शकतो.

बर्फासोबत बारीक गोळ्या पडत होत्या. त्या गारा होत्या का?

बोटानं दाबून बघा. चुरा झाला तर ग्रॉपेल. गार कडक, काचेसारखी असते आणि चुरत नाही.

मला हे बघायचंच आहे. कधी, कसं बघू?

या इच्छेत गैर काही नाही. दूरचित्रवाणीवरचे हवामान वार्ताहर जिम कँटोरी फेब्रुवारी २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्लिमथमध्ये हिमवादळात उभे होते. एकाच वादळात सहा वेळा वीज कडाडली आणि दर वेळी ते कॅमेऱ्यासमोर लहान मुलासारखे नाचले. हवामानात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला इतका आनंद होतो, यावरून ही गोष्ट काय आहे ते समजावं.

नक्की तारीख कुणीच देऊ शकत नाही. पण खुणा असतात. सरोवर किंवा समुद्रकाठी राहत असाल तर हिवाळ्याचा पूर्वार्ध, पाणी अजून उबदार असतानाचा. खंडाच्या आतल्या भागात असाल तर हिवाळ्याचा शेवट आणि वसंताचं तोंड. अमेरिकेत मार्च हा त्यासाठी ओळखला जातो. रडारच्या चित्रात बर्फाचा रुंद, फिकट पट्टा सोडून द्या. त्यातली अरुंद, गडद, तुमच्याकडे सरकणारी पट्टी शोधा. तापमान शून्याला खेटून असू दे. पाकळ्या एकदम मोठ्या झाल्या, बर्फाचा जोर दुपटीनं वाढला किंवा ग्रॉपेल तडतडू लागलं, की खिडकीशी जाऊन बसा. खोलीतले दिवे घालवा. दूरचा अंधारा कोपरा निवडू नका, समोरची बर्फाळ मोकळी जागा दिसेल असं बसा, कारण उजेड आधी तिथे उमटतो.

फोटो काढता येईल का?

फोटोत नुसतं पांढरं आभाळ येतं, त्यापेक्षा व्हिडिओ करा. फोन काचेला टेकवून स्थिर ठेवा, प्रकाशाचं आपोआप होणारं समायोजन बंद करा आणि आवाज नक्की रेकॉर्ड करा. उजेड आणि आवाज यांच्यातलं अंतर हाच खरा पुरावा असतो.

बर्फातली वीज कमी धोकादायक असते ना?

नाही. काही बाबतींत ती जास्तच वाईट. बर्फाळ ढग बुटके असल्यानं त्यांचा वरचा धनभारित भाग जमिनीच्या जवळ येतो, आणि हिवाळ्यातल्या जोरदार वाऱ्यांनी तो बाजूलाही सरकतो. त्यामुळे जमिनीवर पडणाऱ्या विजांत धनभारित विजांचं प्रमाण वाढतं. अशा विजेत प्रवाह सहसा जास्त वेळ वाहतो आणि म्हणून ती जास्त जाळते. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर पवनचक्क्यांची पाती हिवाळी विजांनी फुटतात, ती याचमुळे. विजेच्या वाटेवरच्या हवेचं तापमान इथेही सुमारे ३०,००० अंशांपर्यंत जातं. बाहेरची थंडी त्यातलं काहीही कमी करत नाही.

सगळ्यात घातक म्हणजे इशाराच उशिरा मिळतो. पावसाळ्यात लांबून गडगडाट ऐकून आपण आवराआवर करतो. बर्फात आवाज ऐकू आला याचा अर्थ वीज ५ किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या डोक्यावर पडू शकते. इथे ‘अजून लांब आहे’ असं काही नसतंच.

गडगडाट झाला आणि मी बाहेर आहे. काय करू?

हातातलं काम तिथेच टाका आणि पक्क्या इमारतीत शिरा. बर्फ उपसत असाल तर फावडं ठेवून द्या. धातू विजेला ओढून घेतो हा समज चुकीचा आहे, पण मोकळ्या अंगणात उभा असलेला माणूस ही स्वतःच एक उंच वस्तू असते. बर्फाळ उतारावर स्कीइंग करत असाल तर वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यात बसू नका, जवळची इमारत गाठा. एकट्या झाडाखाली, तंबूत, उघड्या शेडमध्ये थांबू नका. बर्फात खड्डा करून बसल्यानं विजेपासून काही संरक्षण मिळत नाही. डोंगरधारेवर असाल आणि केस उभे राहू लागले, किंवा कुऱ्हाड-काठ्यांतून मधमाश्यांसारखी गुणगुण यायला लागली, तर वीज पडायच्या बेतात आहे. क्षणही न दवडता खाली उतरा.

शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच थांबा. कुणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या शरीरात वीज साठून राहत नाही. आपत्कालीन सेवेला कळवा, श्वास-नाडी नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा, आणि त्याला थंड जमिनीवरून उचलून ऊब द्या.

गाडीत असताना वादळात अडकलो तर?

बंद छताची गाडी विजेपासून चांगलं संरक्षण देते. खिडक्या बंद ठेवा, धातूच्या भागांना टेकू नका. गाडी सोडून चालत निघू नका; तासाला ८-१० सेंटिमीटर पडणाऱ्या बर्फात माणसं स्वतःच्या गाडीपासून थोड्याच अंतरावर वाट चुकतात.

पण गाडीत जीव जातो तो बहुधा वेगळ्याच कारणानं. मागची धुराची नळी बर्फात गाडली गेली आणि इंजिन चालू राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड आत भरतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. म्हणून ऊब हवी म्हणून इंजिन चालू करण्याआधी दर वेळी नळीभोवतीचा बर्फ काढा, विजा चालू असतील तर त्या थांबेपर्यंत इंजिन बंद ठेवून अंगावर मिळेल ते पांघरा. मग थोडा थोडा वेळच इंजिन चालवा आणि ज्या बाजूनं वारा येत नाही तिकडची खिडकी बोटभर उघडी ठेवा. या एका उत्तरासाठी हे पान वाचलंत तरी चालेल.

बर्फातल्या विजा पुन्हा पुन्हा उंच मनोऱ्यांवरच का पडतात?

पुष्कळदा त्या मनोऱ्यावर पडत नाहीत, मनोऱ्यापासून निघतात. भारित ढग जमिनीच्या इतका जवळ असतो की उंच टोकाभोवतीचं विद्युतक्षेत्र फार तीव्र होतं आणि ठिणगी खालून वर धावत जाते. जानेवारी २०११ मध्ये अलाबामातल्या हंट्सव्हिलजवळच्या हिमवादळात अशा, उंच मनोऱ्यांपासून सुरू झालेल्या विजा उपकरणांनी टिपल्या.

विमानं-हेलिकॉप्टरंही याच न्यायानं स्वतःच वीज ओढवून घेऊ शकतात. उत्तर समुद्रावर तेलविहिरींकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांना थंडीच्या दिवसांत हा धोका असतो. जानेवारी १९९५ मध्ये वीज लागल्यानं एका हेलिकॉप्टरला समुद्रात उतरावं लागलं. त्यातले सर्वच्या सर्व १८ जण वाचले.

याचा अंदाज आधी मिळतो का?

अमुक गावात अमुक वाजता, असा नाही. पण कोणत्या पट्ट्यात शक्यता आहे, हे वरच्या थरांतली अस्थिरता, ओलावा आणि उणे १० ते उणे २० अंशांचा पट्टा किती उंचीवर आहे, यावरून सांगता येतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये सोडलेल्या गोज-१६ पासूनच्या अमेरिकी हवामान उपग्रहांवर विजा टिपणारं यंत्र असतं. ढगाच्या माथ्यावर उमटणारा उजेड ते वरून पाहतं. त्यामुळे जिथे ऐकायला कुणीच नव्हतं अशा माळावरची, सरोवरावरची, समुद्रावरची बर्फातली वीजही आता नोंदवली जाऊ लागली आहे.